गणितात राहिलेले हरिभाऊ

हॉस्टेलमध्ये दर सहा महिन्यांनी एक दिवस असा उजाडतो की त्या दिवशी मेसच्या भाजीला कुणी नावं ठेवत नाही. तो दिवस रिझल्टचा! कुणाचा एम-थ्री राहिलेला असतो, कुणाचं मेकॅनिक्स. जो तो गुपचूप ताट घेऊन कोपरा धरतो. तर हा लेख त्या कोपऱ्यातल्या मंडळींसाठी (आणि त्यांना तिथे बसवणाऱ्या आदरणीय सरांसाठीही). कारण ज्यांच्याविषयी मी लिहितोय त्यांचंही गणितच राहिलं होतं, आणि ते कायमचंच राहिलं. त्यांना पदवी कधीच मिळाली नाही. तरीही ते गेल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी, नगर जिल्ह्यातल्या एका हॉस्टेलच्या खोलीत, स्थापत्य शाखेचा एक विद्यार्थी त्यांची कादंबरी रात्री दोनपर्यंत वाचत बसतो.

त्यांचं नाव हरि नारायण आपटे. सगळा महाराष्ट्र त्यांना हरिभाऊ म्हणतो.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातल्या पारोळ्याचा. आई लहानपणीच गेली. वाढले ते चुलत्यांच्या छायेत. चुलते महादेव चिमणाजी आपटे मुंबईत नावाजलेले वकील. त्यामुळे हरिभाऊंचं सुरुवातीचं शिक्षण मुंबईत झालं आणि १८७८ च्या सुमारास कुटुंब पुण्याला आलं. १८७९ मध्ये, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांचं लग्नही झालं. आपण त्या वयात दहावीची गाईड्स पाठ करत होतो!

१८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं आणि हरिभाऊ तिथे दाखल झाले. शिक्षक कोण? विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर. आजच्या भाषेत म्हणायचं तर काय फॅकल्टी होती! १८८२ मध्ये विष्णुशास्त्री अकाली गेले तेव्हा या अठरा वर्षांच्या पोराने त्यांच्यावर 'शिष्यजनविलाप' नावाची शोककविता लिहिली. पुढच्याच वर्षी आगरकरांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चं मराठी रूपांतर 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध केलं, तर हरिभाऊंनी त्याचं भलंमोठं परीक्षण लिहून छापलं. सरांच्या पुस्तकातल्या चुका विद्यार्थ्याने जाहीरपणे दाखवायच्या! आणि तरीही आगरकरांविषयीचा त्यांचा आदर शेवटपर्यंत कमी झाला नाही. गुरूला प्रश्न विचारूनही गुरूचा मान ठेवता येतो, हे मला इथे फार आवडलं. (टर्मवर्कचे मार्क बाकी असताना हा प्रयोग ज्याने त्याने स्वतःच्या जबाबदारीवर करावा.)

१८८३ मध्ये मॅट्रिक झाले. मग डेक्कन कॉलेज, नंतर फर्ग्युसन. इंग्रजी आणि संस्कृत उत्तम. पण गणिताने वाट अडवली. परीक्षा सुटेना, आणि शेवटी त्यांनी पदवीचा नाद सोडला. चुलत्यांनी जुन्या संस्कृत पोथ्या जपण्यासाठी आणि छापण्यासाठी १८८८ मध्ये पुण्यात 'आनंदाश्रम' ही संस्था उभी केली होती. तिचं व्यवस्थापन हरिभाऊंनी हाती घेतलं आणि आयुष्यभर सांभाळलं. आपण सेकंडहँड पुस्तकं घ्यायला नगरहून एसटीने जातो ना, त्या अप्पा बळवंत चौकाजवळच हा आनंदाश्रम आजही उभा आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा दोन मिनिटं थांबून बघा.

* * *

आता मी हरिभाऊंपर्यंत कसा पोचलो ते सांगतो. आम्हाला टाउन प्लॅनिंग शिकताना जुनी शहरं कशी चालायची याची माहिती काढायची होती. मी गॅझेटियर उघडलं. इंग्रजांनी नगर जिल्ह्याचं गॅझेटियर १८८४ मध्ये काढलं आणि पुण्याचं १८८५ मध्ये. त्यात सगळं आहे. पेठा, रस्ते, बाजार, विहिरी, जकात, पाऊस. पण वाचून झालं तरी एक गोष्ट कळेना. त्या शहरात माणसं घरात कशी राहत होती? सकाळी पहिलं कोण उठायचं? नवरा-बायको एकमेकांशी कधी बोलायचे? मुलीला पाटी कोण द्यायचं आणि कोण हिसकावून घ्यायचं? गॅझेटियरवाल्या साहेबाला माजघरात प्रवेशच नव्हता, तो बिचारा काय लिहिणार! ती माहिती मला मिळाली ती कादंबरीत.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण बाबा पद्मनजींच्या 'यमुनापर्यटन'चं नाव घेतो, ती १८५७ ची. त्यानंतरच्या बऱ्याच कादंबऱ्या म्हणजे राजपुत्र, राजकन्या, जादू, योगायोग. शेजारच्या वाड्यात काय चाललंय ते कुणी लिहीत नव्हतं. हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ ची. इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या लंडनवरच्या कादंबरीचा तिला आधार होता, पण शहर मात्र पुणं आणि माणसं आपल्याकडची. लंडनचा साचा घेऊन त्यात पुण्याची माती भरली, असं म्हणा ना.

मग ऑक्टोबर १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं. घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः बायकांनी वाचावं असं. केसरी होता, आगरकरांचा सुधारक होता, पण ती वर्तमानपत्रं ओसरीवर वाचली जायची. हरिभाऊंना माजघरापर्यंत पोचायचं होतं. त्यात ते दर आठवड्याला कादंबरीचं एक-एक प्रकरण छापत. सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी नाव दिलं होतं 'आजकालच्या गोष्टी'. किती साधं नाव! 'करमणूक' १९१७ पर्यंत चाललं. म्हणजे ढोबळ हिशेबाने सव्वीस-सत्तावीस वर्षं, दर आठवड्याला सबमिशन! आपली तर सेमिस्टरमधून एकदा करताना तारांबळ उडते. एवढ्या धबडग्यात काही गोष्टी अपुऱ्याही राहिल्या. 'गणपतराव' अर्धीच राहिली, शेवटची 'कर्मयोग'ही पुरी झाली नाही.

'करमणूक'च्या सुरुवातीपासून जी गोष्ट क्रमशः आली तिचं नाव 'पण लक्षात कोण घेतो'. पुस्तकरूपाने ती १८९३ मध्ये आली. यमू नावाची मुलगी आपलं आयुष्य स्वतःच्या तोंडाने सांगते. लहानपणी भाऊ आणि मैत्रीण दुर्गी यांच्याबरोबर खेळणारी यमू, वडिलांचा जमदग्नी स्वभाव, सगळं सोसणारी आई, मग आईचं जाणं, यमूचं लग्न, सासर, तिथले ढोंगी शंकरमामंजी. नवरा रघुनाथराव मात्र मनाने नवा आहे. तो तिला शिकवतो, मुंबईला घेऊन जातो. आणि मग तो आजारी पडून जातो. पुण्यात परत आलेल्या यमूचं तिच्या मनाविरुद्ध केशवपन केलं जातं. पुढचं मी सांगत नाही, तुम्ही वाचा.

मी स्थापत्यचा विद्यार्थी असल्यामुळे मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसली. पुण्याच्या वाड्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पुढे ओसरी आणि दिवाणखाना पुरुषांचा, मागे माजघर आणि स्वयंपाकघर बायकांचं. मधे एक उंबरठा. त्या घरात दिवसाउजेडी नवऱ्याने बायकोशी बोलायचं म्हणजे निर्लज्जपणा. वडीलधाऱ्यांच्या देखत पुस्तक हातात घेणं तर दूरच. आता यमू मुंबईला जाते. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्येच सुरू झाली होती, त्यामुळे पुण्याहून मुंबई एका दिवसात. तिथे काय? छोटंसं बिऱ्हाड. ओसरी वेगळी आणि माजघर वेगळं ठेवायला जागाच नाही, आणि सासू-सासरेही नाहीत. मग नवरा-बायको बोलणार, वाचणार, ओळखीच्या कुटुंबांबरोबर ऊठबस करणार. भिंती बदलल्या आणि माणसं थोडी मोकळी झाली! फ्लोअर प्लॅन बदलला की घरातले संबंध बदलतात, हे मला कुठल्याही टेक्स्टबुकने सांगितलं नव्हतं. ते एका गणितात राहिलेल्या माणसाने सांगितलं. आणि तीच यमू परत वाड्यात आली की काय होतं, हेही त्यानेच दाखवलं.

हे सगळं छापून येत होतं तो काळही बघा. १८९१ मध्ये सरकारने संमतिवयाचा कायदा केला. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा! दहावरून फक्त बारा, आणि त्यावरून पुण्यात केवढं रण माजलं. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळी एकत्र जमली आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच नकार दिला! त्याच सुमारास हरिभाऊ यमूची गोष्ट लिहीत होते. सभेत भांडणाऱ्यांना आकडे आणि शास्त्रवचनं लागत होती. हरिभाऊंनी फक्त एक मुलगी लोकांच्या घरात नेऊन बसवली.

यानंतरच्या 'मी'मध्ये भाऊ आणि त्याची ताई आहेत. ताई नको असलेल्या संसारातून बाहेर पडून स्वतःची वाट धरते. 'यशवंतराव खरे'मध्ये गरिबीत शिकणारा मुलगा आहे. त्या काळात पुण्यात वार लावून जेवणारे, माधुकरी मागून शिकणारे कितीतरी विद्यार्थी होते. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. मेसच्या डाळीत डाळ शोधताना मला हल्ली त्यांची आठवण येते आणि मी मुकाट्याने जेवतो.

* * *

पुण्याचं कौतुक फार झालं, आपल्या नगरचं काय? (२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण एसटीचा कंडक्टर आणि मी, आम्ही अजून नगरच म्हणतो.) तर दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये नगरवरून गेली आणि नगर-पुणे आगगाडीने जोडलं गेलं. पण मुलींच्या शिक्षणात नगर पुण्याच्या पुढे होतं हे किती जणांना माहीत आहे? मिस फरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुले भारावले, आणि मग १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली.

आणि यमूच्या पिढीतली एक खरीखुरी बाई नगरला नांदली, ती म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. यमूसारखंच लहानपणी लग्न, कडक घर, सोवळं-ओवळं. नवरा रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. काही वर्षं ताटातूट, मग लक्ष्मीबाई नगरला आल्या, राहुरीलाही राहिल्या. त्यांनी आपल्या आठवणी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहिल्या आणि त्या विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात पुस्तकरूपाने आल्या. दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचा. यमूची कहाणी एका पुरुषाने तिच्या मनात शिरून लिहिली, लक्ष्मीबाईंनी स्वतःची स्वतः लिहिली. यमू मोडून पडली, लक्ष्मीबाई हसत हसत उभ्या राहिल्या. मला वाटतं, फरक एवढाच की लक्ष्मीबाईंना बोलायला जागा मिळाली.

* * *

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं झालं सव्वाशे वर्षांपूर्वीचं. संपलं की!

संपलं नाही. माझं गाव पाथर्डीच्या बाजूला. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुलगी मोठी झाली की आईबापाला घोर लागतो. बरोबर न्यावी तर उसाच्या फडात कोपीत राहायचं, गावात ठेवावी तर कुणाच्या भरवशावर? मग दिवाळीच्या आधी लग्न उरकून टाकायचं, की नवा कोयता तयार. १९७८ पासून मुलीच्या लग्नाचं किमान वय अठरा आहे आणि २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदाही आहे. पण लक्षात कोण घेतो?

माझ्या चुलत बहिणीचं असंच झालं. नववीत वर्गात पहिली होती. गणितात तर माझ्यापेक्षा हुशार. दहावीच्या दिवाळीत तिचं लग्न झालं आणि ती फडावर गेली. तिची धाकटी बहीण यंदा दहावीत आहे.

पाडव्याला घरी गेलो तेव्हा मी यमूची गोष्ट धाकटीला दिली. जुनी भाषा, लांबलचक वाक्यं, मला वाटलं ती ठेवून देईल. तिने आठ दिवसांत संपवली. मग रात्री ती चुलतीला आणि आजीला मोठ्याने वाचून दाखवायला लागली. आजीला तर आपल्याच सासूची आठवण येई आणि ती मधेच आपली कथा सुरू करी. चुलते बाहेर ओट्यावर अंग टाकून पडलेले असत, झोप लागल्यासारखे. एका रात्री लाइट गेली म्हणून वाचन अर्ध्यावर राहिलं, तर सकाळी चहा पिताना त्यांनीच विचारलं की त्या पोरीचं पुढं काय झालं. धाकटीने सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि बैलांकडे निघून गेले.

बस, एवढंच. यातून काही ठरलंय असं मी म्हणत नाही. मुकादम दिवाळीत येणारच आहे आणि चुलत्यांवर मागची उचल बाकी आहे. मी घरी सांगून ठेवलंय की तिचा अकरावीचा किंवा पॉलिटेक्निकचा फॉर्म मी भरणार, मुलींच्या हॉस्टेलची चौकशीही मीच करणार. चुलते अजून हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडतंय. 'करमणूक'चा अंक हातात घेऊन पुण्याच्या वाड्यात जे होत असेल ते मी आमच्या पत्र्याच्या घरात पाहिलं. वाचणारी एक, ऐकणाऱ्या दोघी आणि न ऐकल्याचं दाखवणारा बाप.

* * *

हरिभाऊंचं सगळंच मला पटतं असं नाही. त्यांचं शहर म्हणजे मुख्यतः पांढरपेशा ब्राह्मण घरांचं शहर. त्याच पुण्यात विणकर होते, हमाल होते, पूर्वेकडच्या पेठांमधली कष्टकरी वस्ती होती. महात्मा फुले त्याच पुण्यात राहत होते आणि 'करमणूक' सुरू झालं त्याच वर्षी, २८ नोव्हेंबर १८९० ला, ते वारले. ते पुणं हरिभाऊंच्या कादंबऱ्यांत फारसं भेटत नाही. आमच्या फडावरच्या पोरीची कादंबरी त्यांच्याकडे मागायची नसते, ती आपल्यापैकीच कुणीतरी लिहायची असते.

पण माणूस नुसता लिहीत बसला नाही हे मात्र खरं. केशवसुतांसारख्या नव्या कवीच्या कविता त्यांनी छापल्या. 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला' अशा ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. १९१२ च्या अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठात विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानं द्यायला त्यांनाच बोलावलं. ज्याला पदवी मिळाली नाही तो विद्यापीठात व्याख्याता! पुणे नगरपालिकेचे ते सभासद होते, पुढे अध्यक्षही झाले. म्हणजे ज्या शहरातली घरं कागदावर मांडली त्याच शहराच्या नळ, गटार, रस्त्यांचा कारभारही त्यांनी पाहिला. आम्हा स्थापत्यवाल्यांना यापेक्षा जवळचा लेखक कोण?

३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊ गेले. पंचावन्नावा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत रेव्हरंड टिळकही गेले. मुलीचं लग्नाचं वय चौदा करणारा सारडा कायदा त्यानंतर दहा वर्षांनी, १९२९ मध्ये आला. तो पाहायला हरिभाऊ नव्हते.

शेवटी दोन गोष्टी सांगतो. एक, हरिभाऊंच्या कादंबऱ्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात वडापावच्या दोन-चार प्लेटच्या पैशात मिळतात. एक घ्या, वाचा आणि घरी घेऊन जा. घरी मोठ्याने वाचा. दुसरी गोष्ट, तुमच्या गावात, नात्यात एखाद्या मुलीचं लग्न अठराच्या आधी ठरत असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे. फोन फुकट लागतो. मोबाईलमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेवा. दिवाळीला सुट्टीवर आपण सगळेच घरी जाणार आहोत, आणि आमच्या भागात लग्नं तेव्हाच ठरतात.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी